चाचणीपुरतं माप

शिलाईच्या दुकानासाठी तिनं मापांचा प्रोग्रॅम लिहिला, त्याला सहा वर्षं झाली होती. गिऱ्हाईक निवडलं की पडद्यावरच्या चौकटी भरायच्या: उंची, छाती, खांदा. तळाशी ‘शेरा’, गिऱ्हाइकाची तक्रार लिहायला. प्रत्येक चौकट आतल्या नोंदीला बांधलेली. नोंद बदलली की चौकट बदलणार, चौकटीत लिहिलं की नोंद बदलणार.

चाचणीपुरतं पहिलं माप तिनं आपल्या लेकीचंच घातलं होतं. सात वर्षांची पोर. टेप लावली की गुदगुल्यांनी वाकडी व्हायची. खांदा दहा. त्याच वर्षी ती तापानं गेली. ती नोंद पुसायला आईचा हात धजला नाही.

एका दुपारी दुकानातल्या शिंपी मास्तरांचा फोन आला. “बाई, पोरीचं माप तुम्ही वाढवलंत?”

“नाही हो. तुमचंच बोट लागलं असेल.”

“चाळीस वर्षं कात्री चालवतोय. माझं बोट असं कुठंही लागत नाही.”

ती दुकानात पोचली. इस्त्रीची ऊन वाफ, कोऱ्या कापडाचा वास. खांदा अकरा. तिनं प्रोग्रॅम ओळ न् ओळ चाळला. चूक नव्हती. कुणी काही लिहिलंही नव्हतं. ती बघत असतानाच अकराचे सव्वाअकरा झाले.

मग ती रोज जाऊ लागली. मास्तर न विचारता स्टूल सरकवून द्यायचे. सहा वर्षांचं राहिलेलं वाढणं पोर भराभर उरकत होती. आई पडद्यावरची उंची दाराच्या चौकटीला टेप लावून बघायची: आज इथवर, आज माझ्या हनुवटीला. घरी कपाटातला फ्रॉक मात्र रोज आणखी एवढासा दिसायचा.

“मास्तर, अशानं मला ती ओळखूच यायची नाही.”

मास्तरांनी दोरा दातानं तोडला. “वाढू द्या की, बाई. वाढत्या अंगाला कुणी धरून ठेवतं का?”

तिनं ऐकलं नाही. सगळी जुनी मापं पुन्हा घातली. खांदा दहा. जतन केलं.

दुसऱ्या दिवशी आकडे जागचे हलले नव्हते.

तिचा जीव भांड्यात पडला. सात वर्षांची. आपली. तिनं पडद्यावरून हळूच बोट फिरवलं, खांद्यावरून खाली, खाली.

शेऱ्याची चौकट आजवर कोरी होती.

‘आई, काखेत दाटतंय.’