सतरा विषाणू आणि लखलखीत माऊस

ही गोष्ट तुम्हाला पटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पटली तर माझी सांगण्यात चूक झाली असं समजा.

एका शिंपीणबाईंच्या घरी भर दुपारी संगणक काळा ठिक्कर पडला. आत नाटकमंडळीतल्या बत्तीस जणांची मापं होती आणि शुक्रवारी प्रयोग होता. मापं गेली तर विदूषकाची विजार राजाला घालायची वेळ. बाईंनी तडक खाजगी हेर बोलावला.

लोक त्याला टाचणी म्हणत. अंगाने बारीक, बोलायला टोकदार. सोबत्याचं नाव उशी. एकाने टोचायचं, दुसऱ्याने निमूट सोसायचं, अशी कामाची वाटणी.

"बंद पडताना काय दिसलं?" टाचणीने विचारलं.

"मी बाजारात होते," बाई म्हणाल्या. "आले तेव्हा घरात सासरे घोरत होते आणि हा मेलेला. तेव्हापासून एक अक्षर उमटलेलं नाही."

टाचणीने टेबल न्याहाळलं. कीबोर्डवर बाईंच्या खडूची पांढरी बोटं, वंगणाचे डाग, बिस्किटाचा चुरा. माऊस मात्र लखलखीत.

"माऊस नवा घेतलात?"

"छे हो, पाच वर्षांचा आहे."

उशीने वहीत लिहिलं, 'माऊस जुना,' आणि खाली रेघ ओढली.

पहिला आला नवरा. शिलाई मशिनी दुरुस्त करणारा, हात वंगणाने काळे. "सकाळी बातम्या वाचल्या, मग दुकानात. आमच्या घरात माझ्या बोटांचे ठसे शोधावे लागत नाहीत, हिलाच विचारा."

मग मुलगी, तोंडात बिस्किट. "मी फक्त गाणी उतरवते. दर शनिवारी संगणकातलं सगळं पेन ड्राइव्हवर घेते."

"सगळं? गाणीच का नाही?"

"निवडत कोण बसणार?"

शेवटी सासरे. निवृत्त कंपाउंडर. खिशात स्पिरिटचं फडकं. त्यांनी आधी खुर्ची पुसली, मग बसले.

"मी त्या यंत्राच्या वाटेलाही जात नाही. दुपारभर झोपलो होतो. पण काय हो, सतरा विषाणू म्हणजे थोडेथोडके नाहीत. लहान घरात एवढे कसे मावले?"

उशीने लिहिलं, 'आजोबा झोपले होते.'

"खोडून टाक," टाचणी म्हणाला.

सगळे गोळा झाले. "या घरात जो तो आपली खूण ठेवून जातो," टाचणीने सुरुवात केली. "खडू, वंगण, चुरा. माऊसवर काहीच नाही. म्हणजे शेवटी तो धरणाऱ्याने नंतर पुसला. पुसल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, असे इथे एकच."

सासऱ्यांनी फडकं खिशात सारलं.

"आणि सतरा हा आकडा? सून आली तेव्हा स्क्रीन काळी होती. तो वाचला फक्त बटण दाबणाऱ्याने. आजोबा, काहीतरी वाचत होतात ना? मधेच पाटी आली, 'सतरा विषाणू सापडले, सफाईसाठी इथे दाबा.'"

"हिरवं बटण होतं," सासरे पुटपुटले. "घाण दिसली आणि सोडून दिली, हे आमच्या दवाखान्यात कधी घडलं नाही."

"संगणकाचा घरचा रखवालदार असा रस्त्यात उभा राहून बोंबलत नाही, आजोबा. तो बोंबलणाराच चोर होता, आणि दार तुम्ही उघडलंत."

"मग माझी मापं?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या लेकीच्या आळसात सुखरूप आहेत. शनिवारचा पेन ड्राइव्ह आणा. आधी इंटरनेटची वायर काढा, संगणक धुऊन घेऊ, मगच तो लावू."

शुक्रवारी राजा स्वतःच्याच विजारीत रंगमंचावर आला. आणि सासऱ्यांनी तेव्हा खुलासा केला की हेराची पारख करायची म्हणूनच त्यांनी ते बटण मुद्दाम दाबलं होतं. टाचणीने टोपी काढली, म्हणाला, "आज गुरू भेटला..."

"बाबा," मशीनवरून मान वर न करता सून मला मधेच तोडत म्हणाली, "हेर कसला, कोपऱ्यावरचा संगणकवाला आला होता. त्याला टोपीच नव्हती. आणि गुरू तेव्हा माळ्यावर लपून बसले होते. ठेवा ती कात्री खाली, चौथ्यांदा पुसताय."