नवसाच्या कोंबड्याचं पीस

गंधाली मला पहिल्यांदा दिसली तेव्हा ती आमच्या कोंबड्याच्या मागं पळत होती.

शहागडच्या गोदावरी पुलाच्या अलीकडं, हायवेला लागून आमचं शेत आहे. पाऊस भुरभुरत होता. रस्त्याच्या कडेला एक स्कूटी उभी होती, आरशाला हेल्मेट अडकवलेलं. आणि आमच्या उकिरड्याभोवती एक मुलगी ओढणी कमरेला बांधून गोल गोल पळत होती. पुढं कोंबडा, मागं ती. कोंबडा मजेत होता.

"ओ मॅडम! काय करून राह्यलात?"

ती थांबली. केसांवर पावसाचे बारीक थेंब, एका गालाला चिखल.

"हा कोंबडा तुमचा का, दादा?"

"हो."

"विकता?"

"कापायला पाह्यजे?"

"छे हो! आमच्याकडं कोणी खात नाही. मला फक्त त्याच्या मानेची पिसं हवीत... दोन-चार. कोंबडा तुमच्याकडंच ठेवा."

माझं नाव कल्याण. तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो आणि लग्न जमत नव्हतं. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही, हे आमच्याकडं आता सगळ्यांनाच माहीत आहे. पण कोंबडा सोडून नुसती पिसं मागणारं गिऱ्हाईक मी कधी बघितलं नव्हतं. मी तिला ओट्यावर बसवलं. आईनं चहा टाकला.

ती अंबडची. एका बियाण्याच्या कंपनीत कामाला होती, दर गुरुवारी आमच्या भागातले कपाशीचे प्लॉट बघायला यायची. तिचे वडील मुकुंदराव बँकेत होते. नोकरीत त्यांची बदली हिमाचलात, कुल्लूला झाली होती. तिथल्या नदीवर ते एका म्हाताऱ्याकडून मासे धरायला शिकले. गांडूळ लावून नाही, पिसांची नकली माशी बांधून. गळाला रेशीम गुंडाळायचं, मागं केसांची शेपटी, आणि पुढं मानेचं पीस गोल फिरवायचं, म्हणजे माशीचे पाय दिसतात. माशी पाण्यावर तरंगते, मासा वर येतो.

"आन मंग मासा कोण खातं? तुम्ही तर खात न्हाईत," आईनं विचारलं.

"कोणीच नाही, मावशी. बाबा सोडून देतात."

"सोडून देतेत?" आईनं माझ्याकडं बघितलं. "मंग धरायचा कशाला?"

गंधाली हसली. हसू फार चांगलं होतं.

मग तिनं खरी गोष्ट सांगितली. वडिलांचे हात आता थरथरायला लागले होते. माशी बांधता येत नव्हती. जुन्या सगळ्या माशा झिजून गेल्या होत्या. दिवाळीनंतर सगळे पुण्याला भावाकडं, शौनककडं, राहायला जाणार होते. तिनं तिकडं बदलीही मागितली होती. त्याआधी बाबांना एकदा गोदावरीत माशी टाकायची होती, आणि ती माशी हिला बांधायची होती.

"कुल्लूची माशी रानकोंबड्याच्या पिसाची असते. पण रानकोंबड्याला हात लावायचा नाही, कायदा आहे. म्हणून चिकनच्या दुकानातून बॉयलरची पिसं आणली. ती पाणी पितात, माशी बुडते. तरण्या कोंबड्याचं पीसही मऊच. म्हातारा कोंबडा पाहिजे. त्याच्या मानेचं पीस अरुंद आणि ताठ असतं. पण म्हातारा कोंबडा कुठं मिळतच नाही हो!"

"मिळंल कसा?" मी म्हणालो. "आमच्याकडं कोंबडा म्हातारा होत न्हाई. त्याच्या आधी पाहुणा येतो."

"मग हा कसा झाला?"

मी चहाचा कप उचलला. आईनं मात्र लगेच सांगितलं. "हा नवसाचा हाय, बाई. कल्याणचं लगीन जमलं की म्हसोबाला द्यायचा म्हणून ठेवलाय. ह्याचं जमंना, म्हणून त्याचं वय होऊन राह्यलं."

गंधालीनं कोंबड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. कपाच्या आडून ती किती वेळ हसत होती, मला मोजता आलं नाही.

नवसाच्या कोंबड्याचं पीस उपटत नाहीत. देवाला द्यायचा तो अख्खा द्यायचा. आईनं ते स्पष्ट सांगितलं आणि गंधालीनं ते लगेच मान्य केलं. उठली, ओढणी झटकली.

"मग तुम्ही लवकर लग्न करा, दादा. म्हणजे कोंबडा सुटेल आणि मला पिसं मिळतील."

"दादा म्हणू नका," मी म्हणालो. कसं म्हणालो कोण जाणे.

"मग काय म्हणू?"

"कल्याण."

"बरं... कल्याण." तिनं हेल्मेट घातलं. काचेतून फक्त डोळे दिसत होते. ते अजून हसतच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुराड्यात एक पीस पडलेलं दिसलं. पावसाळा सरताना कोंबडे पीस टाकतात. मानेचं होतं, तांबूस, कडेला सोनेरी. मी आईला दाखवलं.

"हे चालंल का? उपटलेलं न्हाई, पडलेलंय."

आईनं विचार केला. "पडलेलं म्हणजे देवानंच टाकलं. दे तिला."

पुढच्या गुरुवारी मी हायवेवर उभा होतो. स्कूटी आली. मी पीस पुढं केलं. तिनं ते उजेडात धरलं, गालावरून फिरवलं, वाकवून सोडलं. पीस टणकन सरळ झालं.

"हेच!" ती म्हणाली. "अगदी हेच."

तिनं सामान बरोबरच आणलं होतं. आमच्या बाजेच्या लाकडाला छोटा वाइस, म्हणजे लोखंडी शिकंजा, आवळला, त्यात गळ धरला. रेशीम जालन्याच्या बाजारातल्या कोषांचं, शेपटीला आमच्या बैलाचे केस. मला म्हणाली, "हा धागा धरा. ढिला सोडायचा नाही."

"सोडतो कशाला."

तिची बोटं पीस गोल फिरवत होती. प्रत्येक फेऱ्याला माझ्या बोटांना लागत होती. माशी तयार झाली तेव्हा मला ती जिवंतच वाटली. गंधालीनं ती तळहातावर घेतली, इकडून बघितली, तिकडून बघितली...

"नाही जमली."

"चांगली तर दिसून राह्यली!"

"पाय वाकडे आहेत. अजून एक पीस लागेल." तिनं माशी डबीत टाकली. "मिळेल ना?"

"बराबर मिळंल. पुढच्या गुरुवारी."

कोंबडा तर रोजच पीस टाकत होता. आठवडा व्हायच्या आत माझ्याकडं मूठभर पिसं जमली. मी ती एका पिशवीत भरून माळवदाच्या खुंटीला टांगली. पण माशी झाली की ती पुण्याला जाणार, हे मला कळत होतं. म्हणून पिशवीतून दर गुरुवारी एकच पीस निघायचं.

"एकच?" ती विचारायची.

"काय करणार? म्हातारा झाला, सावकाश टाकतो."

"बिचारा," ती म्हणायची. आणि बाजेवर बसून पुन्हा माशी बांधायला घ्यायची. पुन्हा काहीतरी वाकडं व्हायचं. कधी शेपटी लांब, कधी गाठ जाड. मला एकाही माशीत खोट दिसली नाही. पण मी कुठं वाद घालतो?

बोलणं मात्र वाढत गेलं. मी तिच्या कंपनीच्या बियाण्याला नावं ठेवायचो, ती माझ्या कपाशीतल्या तणाला. तिला आईच्या हातची ज्वारीची भाकरी आवडायची, वरून तेल आणि लाल चटणी. एकदा पाऊस जोरात आला, तेव्हा संध्याकाळपर्यंत अडकून बसली. पाऊस थांबल्यावरही थोडा वेळ अडकली होती.

ती गेल्यावर आई म्हणाली, "आपल्यातली न्हाई ती पोरगी."

"पिसं न्यायला तर येते."

"पिसं न्यायला येते का काय न्यायला येते, ते मला दिसून राह्यलं."

दिवाळी दोन आठवड्यांवर आली. त्या गुरुवारी ती स्कूटीवरून उतरली नाही.

"रविवारी बाबांना घेऊन येते. पुलाखाली. सामान बांधून झालंय... आता आणखी थांबता येत नाही."

"माशी झाली?"

"होईल," ती म्हणाली. त्या दिवशी हसली नाही.

रविवारी मुकुंदराव रिक्षातून उतरले. उंच, सडपातळ माणूस. उजवा हात सतत थरथरत होता, तो त्यांनी डाव्या हातात धरून ठेवला होता. मी त्यांना खडकापर्यंत नेलं. आईसुद्धा आली. नकली माशीला मासा लागतो हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

"आण गं माशी," मुकुंदराव म्हणाले.

गंधालीनं डबी उघडायला वेळ लावला. त्यांनी ती तिच्या हातातून घेतली आणि स्वतःच उघडली. मग बराच वेळ आत बघत राहिले. डबीत ओळीनं माशा होत्या. सगळ्या सरळ, सगळ्या सारख्या.

"अगं, ही तर पहिलीच बरोबर आहे. हीसुद्धा. एका माशीला एक पीस लागतं, गंधा. एवढ्या कशाला बांधत बसलीस?"

गंधालीचं तोंड लाल झालं. ती नदीकडं बघायला लागली.

मला आनंद आवरेना. मी तोंड फिरवलं, पण आईचं लक्ष होतं.

"हसून काय राह्यला? तुझं सांगू का?" ती मुकुंदरावांकडं वळली. "दादा, आमच्या घरी खुंटीला पिशवी हाय. भरून पिसं हायेत तिच्यात. आन ह्यो तुमच्या पोरीला एकेक देऊन राह्यला. म्हणे, कोंबडा सावकाश टाकतो!"

गंधाली गर्रकन वळली. "पिशवी?"

"पाय वाकडे?" मी म्हणालो.

मुकुंदरावांनी आळीपाळीनं आमच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आधी मासा. मग बाकीचं."

त्यांनी माशी लावलेली दोरी काठीनं भिरकावली. पहिल्यांदा ती खडकावर पडली, दुसऱ्यांदा पाण्यावर. त्यांनी हात स्थिर धरायचा फार प्रयत्न केला. हात ऐकेना. थरथर काठीतून दोरीत उतरली, दोरीतून माशीपर्यंत गेली. आणि पाण्यावर ती माशी बारीक फडफडायला लागली, पंख ओले झालेल्या खऱ्या माशीसारखी. धडधाकट माणसाला ते जमलं नसतं.

पाणी फुटलं. दोरी ताणली गेली.

"बाबा!" गंधाली ओरडली.

वीतभर चिलापी मासळी होती. मुकुंदरावांनी ती ओल्या हातात धरली, माशी सोडवली आणि मासा पाण्यात सोडून दिला. त्यांचे डोळे भरले होते. आई पुटपुटली, "खरंच सोडला की वो."

मग तिनं पदर नीट केला आणि सरळ विचारलं. आमच्या आईला आडवळण माहीत नव्हतं.

"दादा, जात एक न्हाई, ते मला दिसतंय. तुम्हालाबी दिसत असंल. पण मला पोरगी पसंत हाय. कोंबडा कधी द्यायचा म्हसोबाला?"

मुकुंदरावांनी दोरी गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "मला विचारू नका. जिनं एवढ्या माशा बांधल्या तिला विचारा."

सगळे गंधालीकडं बघायला लागले. मी तर बघूही शकत नव्हतो. पुलावरून ट्रक जात होते, मी ते मोजत राहिलो.

"कोंबडा द्यायचा नाही," गंधाली म्हणाली.

मी एकदम तिच्याकडं वळलो.

"नारळ द्या, मावशी. कोंबडा राहू द्या. मला..." तिनं माझ्याकडं बघितलं, आणि हेल्मेटच्या काचेतले ते डोळे पुन्हा दिसले. "मला पिसं लागतील ना... पुढंही."

नवस बदलायला आई तयार होईना. शेवटी आमचं लग्न ठरल्यावर कोंबडा म्हसोबापुढं नेला आणि देवाच्या नावानं जिवंत सोडून दिला. दुसऱ्या दिवशी तो उकिरड्यावर हजर होता. आई म्हणाली, देवानं परत केला. मुकुंदराव पुण्याला गेले, गंधाली राहिली.

गंधाली जाऊन आता दोन पावसाळे झाले. दुखणं मोठं होतं, ती सोसून गेली. आमचा संसार लहान झाला, पण झाला. तो कमी होता असं मी कोणाला म्हणू देत नाही.

त्या कोंबड्याचा नातू आता उकिरड्यावर असतो. त्यालाही कोणी कापत नाही, त्यामुळं तोही म्हातारा होतोय. पावसाळा सरताना मानेची पिसं टाकतो. मी ती वेचतो, गालावरून फिरवतो, वाकवून सोडतो. मग बाजेच्या लाकडाला वाइस आवळून बसतो. बांधायला तिनंच शिकवलं. धागा ढिला सोडायचा नाही, एवढं मला पक्कं लक्षात आहे.

माझ्या माशीचे पाय खरोखरच वाकडे होतात. पण ती तरंगते.