चौथ्या चाकातली हवा

फौजेच्या लिलावात घेतलेली ती जुनी जीप आकारामशिवाय कुणाचं ऐकत नसे. त्यानं सतरा वर्षं पलटणीत गाड्याच दुरुस्त केल्या होत्या. श्रावणात ब्रेकचं काम काढायचं म्हणून त्यानं ती चार दगडांवर चढवली, चाकं काढली, ड्रम काढले, आणि त्याच दुपारी बायकोच्या, राहीबाईच्या, पोटात कळ उठली. फाट्यापर्यंत बैलगाडी, पुढं ट्रक. सांगली तीन मैलांवर राहिली तेव्हा ती गेली. जीप धड असती तर, असं आकारामला कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरजही नव्हती.

चार महिने तो गाडीजवळ फिरकला नाही. मार्गशीर्षात लेक शालू पहिल्या बाळंतपणाला घरी आली. सुईणीनं पोट चाचपलं आणि हात धुता धुता म्हणाली, "मूल आडवं हाय. कळा लागल्या की सांगलीला न्या. माझ्या हातनं न्हाई व्हायचं."

दुसऱ्याच दिवशी आकारामनं तासगावहून नवे लायनर, सिलिंडरची रबरं आणि ब्रेक ऑइलचा एक डबा आणला. तीन दिवसांत सगळं बसवून, चाकं चढवून गाडी दगडांवरून खाली घेतली. आता ब्रेकच्या नळ्यांतली हवा तेवढी काढायची राहिली; ती आत राहिली तर ब्रेक धरत नाही. पण हे काम एकट्याचं नाही. एकानं सीटवर बसून पायडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली पडून चाकामागचं निपल, म्हणजे हवा सोडायची बारकी तोटी, उघडायचं. हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते, निपल बंद होतं, मगच पाय उचलायचा.

हे काम राहीबाईचं होतं. चप्पल काढून ती सीटवर बसायची आणि म्हणायची, "दाब, धर, सोड. पंचवीस वर्सांत याबिगार काय बोललासा माझ्यासंगं?"

आकारामनं शेजारच्या गुंडाला सांगून ठेवलं होतं. "येतो की," गुंडा म्हणाला होता. "पायडल दाबायला काय फौजेत भरती व्हावं लागतं व्हय?" पण सकाळीच त्याच्या उसाला तोड आली आणि तो फडात गेला. शालूला वाकताही येत नव्हतं. तेव्हा सीट आणि पायडल यांच्यामध्ये दांडकं ठोकून भागवायचं आकारामनं ठरवलं. आधी निपल ढिलं होतंय का ते बघावं म्हणून तो मागच्या चाकाखाली सरकला, निपलला रबरी नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं, पाना लावला. आणि सवयीनं त्याच्या तोंडातून गेलं, "दाब."

वर पायडल करकरलं.

बाटलीत बुडबुडे आले.

तो तसाच पडून राहिला. मग बाहेर येऊन बघितलं. सीट रिकामी होती. दांडकं अजून भिंतीला टेकवलेलं होतं. जुनी स्प्रिंग असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. खिशातली काड्यापेटी काढून त्यानं पायडलच्या खाली ठेवली आणि पुन्हा चाकाखाली गेला.

"दाब," तो म्हणाला. "धर." बुडबुडे आले. त्यानं निपल आवळलं. "सोड."

बाहेर येऊन बघितलं तर काड्यापेटी चपटी झाली होती.

आकाराम बराच वेळ गाडीच्या बोनेटला धरून उभा राहिला. मग तोंडावर पाणी मारून कामाला लागला. ब्रेकच्या टाकीत डब्यातलं तेल ओतत एकेक करत तीन चाकं झाली. पायडल तसंच दबत होतं, राहीबाई दाबायची तसं, सावकाश, शेवटी जरा जोर देऊन. तो दुसरं काही बोलला नाही. बोललं तर थांबेल असं त्याला वाटत होतं.

चौथ्या चाकाला दुपार झाली. तेल स्वच्छ यायला लागलं. एक बुडबुडा नाही. आता निपल आवळलं की काम संपलं.

त्याचा हात पान्यावर थांबला.

काम संपलं की पायडल दाबायला कोण कशाला बसेल?

त्यानं नळी तेलातून बाहेर काढली. निपल उघडंच ठेवलं आणि म्हणाला, "सोड." पायडल वर गेलं तशी नळीनं चूळ भरल्यासारखी हवा आत ओढली. उभ्या आयुष्यात त्यानं असं काम केलं नव्हतं.

"अजून हवा हाय, राहे," तो म्हणाला. "दाब."

ती दाबत राहिली. तो हवा काढत होता आणि पुन्हा आत घेत होता. किती वेळा, ते त्याला कळलं नाही. डब्यातलं तेल मातीत सांडून संपलं, तेही कळलं नाही. दारातून शेजारची बनुबाई ओरडली तेव्हा तो भानावर आला.

"आकारामभावजी, पोरीला कळा लागल्यात. पाणी गेलंय."

त्यानं निपल आवळलं, सीटवर बसून पायडल दाबलं. पाय थेट तळाला गेला. डबा उलटा केला, तर चार थेंब पडले. तासगावला जाऊन यायला वेळ नव्हता.

मागं गोधडी टाकून शालूला निजवलं. बनुबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. आकारामनं हँडब्रेकच्या भरवशावर गाडी काढली. पायडल पुन्हा पुन्हा मारलं की जरा धरत होतं, आणि मग तेही धरेनासं झालं.

ओढ्याच्या उतारावर समोर उसाच्या गाड्या लागल्या. अरुंद फरशी-पुलावर ओळीनं पाच. आकारामनं हँडब्रेक ओढला. जळका वास आला. गाडी सरकतच राहिली. मागं शालू कण्हत होती. शेवटच्या गाडीवरचा माणूस मागं वळून बघत होता, त्याचं तोंड उघडं होतं.

आकारामनं पायडलवरचा पाय काढून घेतला.

"दाब," तो म्हणाला.

गाडी थांबली. पुढच्या उसाचे शेंडे काचेला टेकले होते.

"धर."

उसाच्या गाड्या एकेक करून फरशी ओलांडून गेल्या. रस्ता मोकळा झाला. गाडी जागची हलेना.

या खेपेला त्यानं तिला धरून ठेवलं नाही. "सोड," तो म्हणाला.

पुढं पहिल्या गिअरात रांगत गाडी सांगलीच्या दवाखान्यात पोचली. मुलगी झाली. आडवी होती, पण डॉक्टरांनी दोघींना वाचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आकाराम शालूच्या खाटेजवळ स्टुलावर बसला होता. बनुबाई चहा आणायला गेली होती.

"आबा," शालू म्हणाली, "गाडीत बनुमावशी माझ्या उशाशी हुती न्हवं?"

"व्हय."

"मग पायथ्याला कोण हुतं?"

"कुणी न्हाई. स्टेपनी हुती."

"हुतं की. गाव सोडल्यापास्नं माझं पाय धरून बसलेलं. तेवढंच बरं वाटत हुतं. ओढ्यावर तुमी सोड म्हनलासा, आन् सोडलं."

आकारामनं तिच्या पायांवरची चादर सारखी केली.

"पाय लय गार पडल्यात, आबा. परत धर म्हना की."

आकारामनं "धर" म्हणायच्या आधीच खाटेच्या पायथ्याशी, शालूच्या पावलांवर, चादर दोन जागी दबत गेली. सावकाश, आणि शेवटी जरा जोरानं.