काजळीतली जागा

सर्वणहून वर पठाराकडे जाणारा रस्ता आमच्या घरापाशी वळतो. घरामागे सासऱ्यांचं पोफळींचं कुळागर, म्हणजे बाग, आहे आणि त्याच्या वर, झाडांच्या शेंड्यांपलीकडे, कारखान्याची चिमणी दिसते. जुने टायर भट्टीत वितळवून तेल काढायचा कारखाना. मी डिचोलीला उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे त्या चिमणीतून काय बाहेर पडतं हे मला बऱ्यापैकी कळतं. पण ते कळायला शिक्षणाची गरज नव्हती. दोरीवरचे कपडे, तुळशीची पानं, दुधावरचं झाकण, सगळ्यावर बारीक तेलकट काजळी बसायची. बोट फिरवलं की बोट काळं व्हायचं, आणि साबण लावला तरी नखाच्या कडेला राहायचं.

पडवीत भिंतीला लागून बांधलेली बैठक आहे, लाल सिमेंटची. आम्ही तिला सोपो म्हणतो. माझ्या सासूबाई, विमलाआई, सकाळी उठून आधी तो सोपो ओल्या फडक्याने पुसायच्या आणि मग चहा ठेवायच्या. दुपारी पुन्हा पुसायच्या. सासरे बाबली, आमचे बाबा, बसचालक म्हणून निवृत्त झालेले. घरातही पांढरीशुभ्र लुंगी नेसायचे, आणि ती उठताना मागून काळी झालेली असायची. आई ती हाताने झाडून द्यायच्या. पुढे पुढे मलाही ती सवय लागली.

कारखान्याविरुद्ध गावाला उभं केलं ते बाबांनी. ग्रामसभेत बोलायचे, वाड्यावाड्यावर जायचे. पण वळणावर रोज चटया अंथरून बसायची कल्पना आईंची होती. जेवणखाण आवरून बायका तिथे जाऊन बसत. घोषणा वगैरे काही नाही. समोरून टायरांनी भरलेले ट्रक जात, त्यांच्याकडे बघत राहायचं, इतकंच. भट्टीवर काम करणारा निवृत्ती चंदगडकडचा. तो आणि त्याची बायको रंजना आमच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहायची. पाळीवर जाताना निवृत्ती मान खाली घालून आईंच्या समोरून जायचा, आणि त्याच आई संध्याकाळी त्यांच्याकडे वाटीभर आमटी पाठवायच्या. त्याने तिथे काम करण्याबद्दल त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

आईंना दम्याचा त्रास होता. गणपतीच्या चवथीनंतर तो वाढला आणि दिवाळीच्या आधी त्या गेल्या. त्यांच्या मांडीवर खेळणारी आमची मुलगी आनंदी तेव्हा नुकती बसायला लागली होती.

सुतकाच्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं होतं. पुसापुशीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळी परतली त्या सकाळी मी बाल्दी आणि फडकं घेऊन पडवीत आले. सोप्यावर काजळीचा जाड थर बसला होता. जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, बाजूला मात्र एक जागा लख्ख लाल होती, जणू आत्ताच पुसलेली.

कुणी बसून उठलं असेल असं मला वाटलं. पण उठताना कडा फराटतात. इथे कडा स्वच्छ होत्या. नीट पाहिलं तेव्हा आकार लक्षात आला. एक पाय खाली सोडलेला आणि दुसरा दुमडून वर घेतलेला, तसं बसलेल्या माणसाखाली जेवढी जागा झाकली जाईल तेवढी. आई तशाच बसायच्या. मागे भिंतीवर, डोकं टेकतं तिथे, नारळाएवढा गोल स्वच्छ होता.

मी फडकं पिळलं. मागून बाबांचा आवाज आला, अगदी हळू.

"सुविधा, पुसूं नाका. थंय ती बसल्या."

फडकं बाल्दीत टाकलं आणि आत गेले.

मला कारण शोधायची सवय आहे. आईंच्या केसांचं खोबरेल वर्षानुवर्षं भिंतीत मुरलं असेल, म्हणून तिथे काजळी धरत नसेल. पण तेलावर काजळी जास्त धरते, हे मीच मुलांना शिकवते. जनेलातून वाऱ्याचा झोत येत असेल म्हणून मी जनेल बंद ठेवलं. शेवटी बाबा कुळागरात असताना सोप्यावर जुनी पांढरी चादर अंथरली. दुसऱ्या दिवशी चादर करडी झाली होती, आणि तिच्यावर तोच आकार पांढरा राहिला होता. मी ती गौरेशला दाखवली. गौरेश म्हणजे माझा नवरा. त्याने ती हातात घेतली, घडी घातली आणि कपाटात आईंच्या साड्यांवर ठेवली.

भीती वाटली का? खरं सांगायचं तर नाही. घराला हळूहळू त्याची सवय झाली. बाबा सकाळी चहाचा पेला घेऊन त्या जागेच्या शेजारी बसायचे, थोडं अंतर ठेवून. कुळागरातल्या गोष्टी सांगायचे. पाणी कुठे सोडलं, कुठली पोफळ वाकली. मध्येच थांबायचे, उत्तर ऐकल्यासारखे, आणि मग मान हलवायचे. रंजना आनंदीला खेळवायला घ्यायला येई तेव्हा त्या बाजूने पदर सावरून जाई. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं.

बदल झाला तो बाबांमध्ये. त्यांनी वळणावर जाणं सोडलं. ग्रामसभा झाली, ते गेले नाहीत. कारखान्याला दुसरी भट्टी उभारायची होती आणि त्यासाठी पंचायतीच्या सभागृहात जनसुनावणी ठरली होती. बाबांचे जुने सोबती जयराम दोन-तीनदा येऊन बसले. गावाच्या वतीने बाबलीनेच बोलायला हवं, दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. बाबा "बघूया" म्हणत राहिले. जयराम चिडून गेले. कारखानावाल्यांनी म्हाताऱ्याला गप्प केलं असं गावात कुजबुजू लागलं, आणि ते माझ्याही कानावर आलं.

मध्ये काही दिवस भट्टी दुरुस्तीसाठी बंद होती. आकाश निळं झालं. मी चादरी, उश्या बाहेर वाळत घातल्या, आनंदीला अंगणात खेळवलं. बाबा मात्र जेवेनात. सोप्यावर वरून नवीन काजळी पडत नव्हती, जुनी वाऱ्याने उडत चालली होती, आणि तो आकार दिवसागणिक पुसट होत होता. ते पुन्हा पुन्हा अंगणाच्या टोकाला जाऊन चिमणीकडे बघायचे.

एका संध्याकाळी मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "धूर बंद जालो तर ती दिसची ना गो."

आनंदीच्या छातीत तेव्हा घरघर सुरू झाली होती. डॉक्टरांनी तिला या हवेतून दूर न्यायला सांगितलं होतं. गौरेश म्हापशाला भाड्याची जागा बघत होता. हे बाबांना माहीत होतं. तरी त्यांच्यावर रागावणं मला जमलं नाही.

भट्टी पुन्हा पेटली.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी शाळेत होते, आनंदी घरी बाबांजवळ होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत खिडकीतून सर्वणच्या दिशेला पाहिलं तर पठारावर काळा ढग उभा होता. नेहमीचा धूर नव्हता. वर चढत नव्हता, उताराने खाली सरकत होता. मी कुणाला न विचारता स्कूटर काढली.

वाटेत स्कूटरचा दिवा लावावा लागला. दुपारच्या उन्हात समोरचं दिसत नव्हतं. मी पोचले तोवर ढग खाली बसला होता आणि सगळं शांत होतं. पक्षीसुद्धा नव्हते.

पडवीत बाबा कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसले होते. डोळा लागला असताना हे झालं असावं. त्यांचे केस, भुवया, बनियन, लुंगी, सगळं काळं होतं. ते सोप्याकडे बघत होते.

सोप्यावर आईंची जागा नव्हती.

या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी काजळी होती. भिंतीवरचा गोलसुद्धा भरला होता.

मी आत धावले. पाळणा माजघराच्या दारापाशी होता. जनेल सताड उघडं होतं. जमीन काळी. देवाच्या तसबिरी काळ्या.

पाळण्याभोवती सिमेंटची जमीन लख्ख लाल होती.

आनंदी झोपली होती. तिच्या अंगावरचं दुपटं पांढरं होतं. गालावर, पापणीवर कण नव्हता. श्वास संथ चालला होता, घरघर नव्हती.

पाळण्याच्या कडेला त्या लाल जमिनीवर काजळीची एक बारीक रेघ राहिली होती. ती दोन पावलांच्या भोवतीची होती. पावलं पाळण्याकडे वळलेली. टाचा उचललेल्या, वाकून उभं राहिल्यावर उचलल्या जातात तशा.

बाबा केव्हा मागे येऊन उभे राहिले ते कळलं नाही. त्यांनी ती पावलं पाहिली. मग आनंदीच्या तळपायाला बोट लावलं, आणि बोटाचा काळा डाग तिथे उमटलेला पाहून हात मागे घेतला.

"माझ्याकडेन बसून रवली इतके दिस," ते म्हणाले. "आणि हांव गप."

दुसऱ्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबा तीच कालची काळी लुंगी नेसून आले. मी बदलायला सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नव्हतं. कारखान्याच्या बाजूने आलेल्या साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. मग बाबा उठले. ते फार बोलले नाहीत. बायको कशी गेली ते सांगितलं, नातीची छाती कशी वाजते ते सांगितलं. आपण मधले काही महिने मागे राहिलो त्याबद्दल गावाची माफी मागितली, पण कारण सांगितलं नाही. शेवटी म्हणाले, "माझ्या घरात जी बसायची तिने जागा सोडली. आता मी पण सोडतो. पण ही भट्टी पेटू देणार नाही." लोकांना अर्थ कळला असेल असं नाही. जयराम मात्र उठून त्यांच्या शेजारी उभे राहिले, मग त्यांच्यामागे बायका, मग सगळेच. अधिकाऱ्यांना बराच वेळ कुणाला बसवता आलं नाही.

दुसरी भट्टी नामंजूर झाली, आणि आदल्या दिवशीच्या ढगाची पाहणी होऊन पहिलीलाही टाळं लागलं. गावात पेढे वाटले. आनंदी बरी झाली, म्हापशाची जागा आम्ही सोडून दिली. सोपो आता पुसावा लागत नाही. बाबा चहा घेऊन बसतात, अजूनही एका कडेला सरकून. गोष्टी सांगत नाहीत.

कामगार पांगले. रंजना गावाकडे गेली. निवृत्तीला बंद कारखान्यावर राखणदार म्हणून थोडे दिवस ठेवलं होतं. परवा सकाळी तो आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"अण्णा, एकदा वर येऊन बघा की," तो बाबांना म्हणाला. "किल्ली माझ्याजवळच हाय. दारातनंच बघितलं, मी आत पाय ठेवला न्हाई."

बाबांबरोबर मी गेले. ऊन चांगलं चढलं होतं. निवृत्तीने शेडचं कुलूप काढलं, दार ढकललं आणि स्वतः बाहेरच चपला काढून उभा राहिला.

आत काजळी घोट्याएवढी होती. पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या तिरप्या रेघा येत होत्या. समोर थंड भट्टी, तिचं तोंड उघडं. आणि भट्टीसमोरच्या जमिनीवर स्वच्छ जागा होत्या. एक नाही, ओळीने. एका ओळीमागे दुसरी, दाराजवळपर्यंत. काही मांडी घातलेल्या, काही उकिडव्या, काही शेजारी शेजारी चिकटून. सगळ्यांची तोंडं भट्टीकडे. दारापासून तिथवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

ट्रकांकडे बघत बसायच्या तसं, माझ्या मनात आलं. पण वळणावर इतकी माणसं कधीच नव्हती.

बाबा ओळींच्या मधून हळूहळू चालत गेले, कुणाला पाय लागू नये तसे. पहिल्या ओळीच्या टोकाला थांबले. एक पाय सोडलेला, एक दुमडलेला. त्या जागेच्या शेजारी काजळी होती, घोटाभर, तशीच्या तशी.

"बाबा," मी म्हटलं, "चला आता."

"मातशें बसतां, थोडो वेळ," ते म्हणाले, आणि शेजारी टेकले. आईंच्या बाजूला थोडं अंतर ठेवून. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. खांदे मात्र सैल झाले होते, खूप लांबून चालत आलेल्या माणसाचे होतात तसे. मी त्यांना बसू दिलं. बाहेर निवृत्तीचा खोकला एकदा ऐकू आला.

मग ते उठले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि हात सवयीने पुढे गेला, त्यांची लुंगी मागून झाडायला.

झाडायला काही नव्हतं. लुंगी पांढरीशुभ्र होती. आणि ते जिथे बसले होते तिथे जमीन लख्ख दिसत होती, कडा कुठेही न फराटलेल्या.