चार नंबरच्या खाटेची कात्री

तो मोबाइल पालथा घाल आधी. ऐकायचं असेल तर इकडे बघ, नाहीतर जाऊन झोप. आणि मधे कुणी खोटं-खरं काढू नका. खोटं सांगायला मला कुणी पगार देत नाही.

माझा साडू एका ऑपरेशनच्या दवाखान्यात वॉर्डात कामाला होता. सगळे त्याला मामा म्हणायचे, डॉक्टरसुद्धा. बारा खाटांचा दवाखाना. अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशयातले खडे, असली पोटाची कामं, नाहीतर गळ्यातली थायरॉइडची गाठ. डॉक्टर हाताने चांगला, तोंडाने माझ्यासारखा. त्याचा एक नियम होता. मानेचं ऑपरेशन झालं की पहिल्या रात्री पेशंटच्या उशाशी, खाटेच्या दांडीला, एक कात्री बांधायची. टाक्यांच्या आत रक्त साचलं तर मान फुगते, श्वास अडतो. डॉक्टर घरून येईपर्यंत माणूस संपतो. म्हणून जो जवळ असेल त्याने टाके कापायचे, वरचे आणि आतलेही, आणि रक्त बाहेर सोडायचं.

"त्या कात्रीला माझ्या बापानेही हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणायचा.

तर या मामाच्या पोरीलाच गाठ निघाली. पाणी पिताना तिच्या गळ्यात काहीतरी वर-खाली होतंय हे आईला दिसलं. सोनोग्राफी झाली, सुई घालून तपासणी झाली, पण रिपोर्ट धड हो म्हणेना, धड नाही म्हणेना. डॉक्टर म्हणाला, "मामा, अर्धी ग्रंथी काढून मोकळे होऊ. रोज शंका गिळत बसण्यापेक्षा बरं."

सोमवारी दुपारी ऑपरेशन झालं. आवाजाची नस शाबूत आहे का बघायला डॉक्टरने तिला बोलायला लावलं. पोरगी म्हणाली, "बाबा, चहा." सगळे हसले. मग तिला चार नंबरच्या खाटेवर आणलं. मामा म्हणाला, दुसरी द्या.

"का? चारला काटे आहेत का?"

मामा चादर सरळ करायला लागला.

रात्री एक वाजून वीस मिनिटांनी नऊ नंबरच्या म्हाताऱ्याच्या पोटावरची पट्टी सुटली. नवी चिकटपट्टी कापायला हाताशी काही सापडेना. मामाने पोरीच्या उशाची कात्री सोडली, पट्टी कापली, कात्री खिशात टाकली. लगेच परत बांधणार होता. तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "मामा, खालून सलाइनच्या चार बाटल्या आणा ना. आणि हळू जा, लोक झोपलेत."

"रोज काय नाचत जातो का मी?" म्हणत मामा गेला. पोरीची आई बाकावर बसल्या बसल्या झोपली होती. सिस्टर म्हाताऱ्याला इंजेक्शन द्यायला वळली.

बाटल्या घेऊन मामा जिना चढत होता. मधल्या वळणावर एक बाई उभी. दवाखान्याचा हिरवा गाऊन, मानेला पट्टी.

"अहो बाई, उठलात कशाला? चला, खाटेवर चला."

बाईने तोंड उघडलं. आवाज नाही. नुसती हवा...

मग मामाच्या ध्यानात आलं. आज मानेचा पेशंट एकच होता. त्याची पोरगी.

बाईने मान वर केली. मान फुगलेली. ओठ निळे.

ओळखलं त्याने. गेल्या वर्षीची. चार नंबरची.

त्या रात्रीही त्याने अशीच कात्री सोडली होती. सलाइनची पिशवी कापायला. बाई तडफडली तेव्हा सिस्टर दांडीला हात घालत होती आणि दांडीला नुसता दोरा होता. सात मिनिटं... संपलं. डॉक्टर यायच्या आत मामाने कात्री गुपचूप परत बांधली. मग कात्री असून वापरली नाही म्हणून ठपका त्या सिस्टरवर आला. तिची नोकरी गेली. मामा काही बोलला नाही.

आता बाईने हात पुढे केला.

मामाचा हात खिशात गेला. कात्री... खिशातच होती. आणि वर पोरगी.

 

बाईचा हात तसाच. पुढे.

त्याने कात्री ठेवली. तळव्यावर. बर्फासारखा तळवा.

जिना रिकामा.

बाटल्या तिथेच पडल्या. मामा धावला. पोरीचे ओठ निळसर होते, पण छाती हलत होती. मानेचे टाके कापलेले. वरचे. आतलेही. रक्त उशीवरून खाली ठिबकत होतं. आई अजून झोपलेली.

पुढचं सगळं धावपळीत झालं. डॉक्टर आला, पोरीला आत नेलं, सुटलेली रक्तवाहिनी बांधली. बाहेर येऊन विचारलं, "टाके कुणी कापले?"

"मामांनीच," सिस्टर म्हणाली. "मी आले तेव्हा तेच उभे होते."

"शाबास मामा. पोरगी तूच वाचवलीस."

मामाने खिसा चाचपला. रिकामा.

कात्री सापडलीच नाही. सकाळी तो चादर बदलायला गेला. खाटेच्या पायथ्याला तपासणीचा कागद लटकत होता. सिस्टर दर तासाला नाडी, श्वास लिहून खाली सही करायची. एकच्या ओळीत तिची सही होती. त्याखालच्या ओळीत, सहीच्या जागी, रक्ताचा अंगठा उमटला होता.

त्या बाईला सही येत नव्हती. तिच्या संमतीच्या कागदावर अंगठा मामानेच धरून उठवला होता, म्हणून त्याने तो ओळखला. विळ्याने कापलेला... मधोमध आडवी रेघ.