तिसरं कुलूप

नको डॉक्टर, तुम्ही उठू नका. लाईट काय, येईल. आज मेन स्विचपाशी कुणी जायचं नाही, ऐका माझं. हो, मी वायरमन आहे, वीस वर्षं फौजेच्या सिग्नलमध्ये तारा ओढल्या, त्यानंतर इथं जयपुरात बारा वर्षं कारखान्यांचे पॅनल भरतोय. तरी सांगतो, बसा. वहिनी, तुमचा तो चार्जिंगचा दिवा जरा इकडं सरकवा. ईश्वरीला झोप लागली ना? गोळीनं लागणारच. दार उघडंच ठेवा तिचं, मला इथनं पलंग दिसू दे.

दुपारी तुम्ही विचारलंत, की हणमंतराव, पोरीच्या मनगटाला असा वळ कशानं पडला. मी म्हणलं, पॅनलचा पत्रा तापला होता. खोटं बोललो. चार वर्षांची ओळख आपली, तुमच्याशी खोटं बोलून मलाच घास गिळवेना. आता खरं सांगतो. मध्ये थांबवू नका, नाहीतर परत सुरू करायचा धीर व्हायचा नाही.

आज अमावस्या. आपल्याकडं माणूस अमावस्येला नवं काम काढत नाही, आणि इकडं तर कारीगर हत्यारच उचलत नाही. सगळ्या छापखान्यांना, कापडाच्या युनिटांना सुट्टी. म्हणून तर मला बोलावलं. सीतापुऱ्यात एक रंगाईचा कारखाना आहे, नाव नाही सांगत. सहा मशिनी. प्रत्येक मशिनीच्या पॅनलमधून एक केबल काढून एका डबीत आणायची, म्हणजे मालकाला ऑफिसात बसून कुठली मशीन किती चालली ते दिसतं. ती डबी म्हणजे इथरनेट स्विच. तुमच्या घरी नेटचा डबा आहे ना, त्याचाच थोरला भाऊ, लोखंडी अंगाचा, धुळीला आणि उन्हाला न भिणारा. आठ भोकं, आणि प्रत्येक भोकापाशी बारका हिरवा दिवा. केबलच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी चालू असेल तरच तो लागतो. नसेल तर नाही. हे ध्यानात ठेवा.

दहाला पोचलो. मी आणि ईश्वरी. ती इंजिनियर झाल्यापासून माझ्याबरोबरच येते. तारा माझ्या, लॅपटॉप तिचा. पोचल्या पोचल्या पहिलं काम म्हणजे मेन स्विच खाली करायचा आणि कुलूप घालायचं. आमच्या धंद्यात जितकी माणसं आत, तितकी कुलपं. माझं माझं, तिचं तिचं. किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. दुसऱ्याच्या कुलपाला कुणी हात लावायचा नाही, मालक आला तरी. कुलूप दिसलं की समजायचं, माणूस आत आहे. दोन कुलपं लावली, टक टक. मी स्वतः वाजवून बघितली. दोनच होती, डॉक्टर.

वीज बंद, म्हणजे शेडमध्ये भर दुपारी अंधार. खिडक्या नाहीत, वर नुसता पत्रा, आणि मे महिन्याचं ऊन त्या पत्र्यावर. आत रंगाचा, सोड्याचा, ओल्या कापडाचा वास. फोनला रेंज नाही. वॉकीटॉकी मी घरी चार्जिंगला लावून तिथंच विसरलो. ईश्वरी म्हणाली, "बाबा, मतलब आता ओरडून सांगायचं का?" मी म्हणलं, "ओरडायचं कशाला? फौजेतल्या आमच्या उस्तादांची पद्धत वापरू."

पद्धत साधी आहे. जुन्या केबली छतालगतच्या जाळीतून मोकळ्या पडल्या होत्या, नंबर पुसलेले. तिनं मशिनीपाशी केबल हातात घ्यायची आणि तीन झटके द्यायचे. इकडं जी केबल हलेल ती तिची. मी उलट तीन झटके द्यायचे, म्हणजे, कळलं, मी आहे, जोडतो. उस्ताद बजावून सांगायचे, "एक झटका उंदराचा, दोन वाऱ्याचे, तिसरा माणसाचा. तिसरा आल्याबिगर जबाब द्यायचा नाही." आपल्याकडं म्हातारी माणसं सांगतात ना, तिसरी हाक आल्याशिवाय ओ देऊ नये? तसंच.

डबी भिंतीवरच्या पॅनलमध्ये पट्टीवर खटकन बसवली, बॅटरीची वीज दिली. सहा केबली तासा-दीड तासात झाल्या. तीन झटके आले, मी तीन दिले, टोकाला क्लिप मारली, नंबर बांधला, भोकात घातली. पोरगी तिकडं लॅपटॉप लावायची, इकडं हिरवा दिवा लागायचा. कागदावर सहाच होत्या. मी पक्कड पुसत होतो, पोटात कावळे ओरडत होते. तेवढ्यात सातवी केबल हलली.

होती एक सातवी. जाळीतून तशीच लोंबत होती, मी लक्ष दिलं नव्हतं. एक झटका. मग दुसरा. मी तिसऱ्याची वाट बघत हातात धरून उभा. नाही आला. घाम डोळ्यांत उतरत होता. मनात आलं, पोरीला आणखी एखादी मशीन सापडली असेल, दमलीय बिचारी, हात भरून आला असेल. च्यामारी, बत्तीस वर्षांत कधी केलं नाही ते केलं. दोनावर जबाब दिला. तीन झटके.

केबल एकदम ताणली. हातातनं सुटलीच असती. विहिरीवरचा पोहरा भरला की दोर कसा जड होतो, तशी. मी ओरडलो, "अगं ए, गंमत करू नकोस!" तशी ती सैल झाली, शहाण्यासारखी. मी क्लिप मारली आणि सातव्या भोकात घातली. हिरवा दिवा लागला.

आणि मागनं आवाज आला, "बाबा, पाणी घ्या."

ईश्वरी माझ्या पाठीमागं उभी. हातात बाटली, काखेत लॅपटॉप, बंद. म्हणाली, "मी तर केव्हाची बाहेर हातपंपावर तोंड धूत होते. सहावी झाली ना?"

मी सातव्या दिव्याकडं नुसतं बोट दाखवलं. ती हसली. आजकालच्या पोरी, भीत नाहीत. लॅपटॉप डबीला लावून म्हणाली, "इथं खरंच कुणीतरी आहे. थांबा, पिंग करते." पिंग म्हणजे हाक मारणं हो. हा लॅपटॉप चार हाका मारतो, आणि समोरचं यंत्र चारांना जबाब देतं. जबाब आले दोन. तिसऱ्याला नाही, चौथ्याला नाही. तिनं परत मारल्या. परत दोन.

"जुनी बॅटरी असेल कुठंतरी पडलेली. बघून येते," म्हणाली. मी नको म्हणायला हवं होतं. बाप ना मी? पण भीती वाटतेय असं पोरीला सांगायची लाज वाटली. म्हणलं, "पोचलीस की तीन झटके दे." तिच्या टॉर्चचा उजेड केबलच्या मागं मागं गेला आणि वळणावर दिसेनासा झाला. मी सातवी केबल काढून हातात धरली.

तेवढ्यात चौकीदार बनेसिंग चहा घेऊन आला. माझ्या हाताकडं बघून म्हणाला, "साब, ये कौन सी है? मशीन तो छह ही हैं."

"सातवी कुठं जाते?"

त्यानं किटली खाली ठेवली. आवाज उतरला त्याचा. "वो तो... सुखाने वाली मशीन की है. चार साल से बंद है. बिजली भी कटवा दी सेठ ने."

चार वर्षांपूर्वी अशाच अमावस्येला एक मिस्त्री त्या मशिनीत शिरला होता. गिरधारी नावाचा. कापड वाळवायची मशीन म्हणजे लांबलचक भट्टीच, माणूस ओणवा होऊन आत जाईल एवढी. केबल शोधत तो आत गेला, जोडीदार इकडं पॅनलपाशी. तीच झटक्यांची पद्धत, काम संपवून बाहेर आला की तीन द्यायचे. आतनं दोन झटके आले, आणि जोडीदारानं तिसरा गृहीत धरून आपलं कुलूप काढलं, वीज सोडली. गिरधारीनं स्वतःचं कुलूप लावलंच नव्हतं. घाईत खिशात राहिलं. बनेसिंग म्हणाला, "ताला जेब में ही मिला, साब. पीतल का. काला पड़ गया था... उस पर माताजी का लाल धागा बंधा था, वो नहीं जला."

मी ऐकत होतो, आणि हातातली केबल हलली. एक. मग दुसरा.

थांबलो मी, डॉक्टर. खोटं कशाला सांगू. तिसऱ्यासाठी दोन श्वास थांबलो. ते दोन श्वास मला जन्मभर पुरतील. मग केबल टाकली आणि पळालो. बनेसिंगपण माझ्यामागं. म्हणजे पॅनलपाशी कुणी नव्हतं. कुण्णी नव्हतं.

ईश्वरी त्या भट्टीच्या तोंडाशी होती. कमरेपर्यंत आत. टॉर्च खाली पडलेला. केबलचा वेढा मनगटाला बसलेला, आणि केबल ताठ, थरथरत होती. ती रडत होती, "बाबा, सोडा ना! ओढू नका! हात तुटेल माझा!"

मी म्हणलं, "बाळ, मी इथं आहे. मी नाही ओढत."

तिनं मान वळवून मला बघितलं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं, ते कुठल्या बापाच्या नशिबी येऊ नये.

ओढ माझ्या टोकाकडनं होती. मी जिथं उभा होतो तिथनं. केबल तिथनं जाळीवरून येऊन भट्टीच्या पोटातनं तिच्या मनगटाशी यायची, म्हणून ती आत ओढली जात होती. मी कटर काढून तटकन कापली. कापलेलं टोक भट्टीतनं सरसरत वर जाळीत गेलं आणि पत्र्यालगत दूरवर घासत गेल्याचा आवाज आला. मग सगळं शांत. भट्टीच्या लोखंडाला माझा हात लागला. चार वर्षं बंद असलेलं लोखंड, वहिनी. चटका बसला. आणि जळक्या कापडाचा वास.

पोरीला धरून बाहेर आणलं. हत्यारं, डबी, सगळं तिथंच. पण कुलपं काढल्याशिवाय निघता येत नाही, आपण बाहेर पडलो हे सांगायची तीच रीत. मेन स्विचपाशी आलो. माझं काढलं. तिनं तिचं काढलं.

खाली आणखी एक होतं.

पितळी. काळं पडलेलं. कडीला लाल धागा. बनेसिंगनं बघितलं आणि त्या कुलपाला हात जोडले. मग गेटबाहेर जाऊन त्यानं मालकाला फोन लावून सांगितलं, तर तो म्हणाला, "किसका भी हो, कटवा दो." मी म्हणलं, कापणारा मी नव्हे. ज्याचं आहे त्यानं काढावं. आणि ईश्वरीला मोटरसायकलवर बसवून तडक तुमच्याकडं आदर्श नगरला आलो. वैशाली नगरला घरी न्यायचा धीर झाला नाही. घर रिकामं, हिची आई साताऱ्याला गेलीय.

वाटेत टोंक रोडला पोरगी पाठीमागनं म्हणाली, "बाबा, गाडी जड चालतेय ना?" मी म्हणलं, टायरमध्ये हवा कमी असेल.

मला एकच गोष्ट खातेय, डॉक्टर. त्या माणसाला चार वर्षं कुणी जबाब दिला नव्हता. मी दिला. तीन झटके. आमच्या बोलीत त्याचा अर्थ, मी आहे.

वहिनी कुठं गेल्या? आत्ता इथं होत्या ना?

आलात होय. कुठं गेला होतात अंधारात? काय म्हणता... समोरच्या घरी लाईट आहे? अख्ख्या गल्लीत आहे? बरं. मग?

कुलूप?

नाही, वहिनी. माझं नाही. आमची दोन्ही कुलपं ह्या पिशवीत आहेत, ही बघा. मोजा. एक, दोन. तुमच्या मेन स्विचवर जे आहे ते... धागा आहे का हो त्याला?

बसा, डॉक्टर. कापायचं नाही. कापून काही होत नाही. कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे, एवढंच त्याचं म्हणणं.

ईश्वरीच्या खोलीचं दार कुणी लावलं? मी उघडं ठेवायला सांगितलं होतं. तुम्ही नाही? तुम्ही?

सरका. दार उघडत नाही, आतनं कडी आहे. ईश्वरी! ए बाळ, ऐकतीस ना? घाबरू नकोस. बाबा इथंच आहे, दाराशीच. तू असशील तर दारावर तीनदा वाजव. आपलं ठरलंय तसं. तीनदा.

...एक.

...दोन.

गप्प. कुणी हलू नका. वाजवेल ती तिसऱ्यांदा. हात दुखतोय ना तिचा, म्हणून वेळ लागतोय.

वाजव, बाळा.