ओहोळापलीकडचे डबे

हॉबर्ट आणि रीथाच्या घरामागे एक ओहोळ होता. ओहोळावर एक फळी टाकलेली, पलीकडे लाल मातीची दरड, आणि दरडीच्या पायथ्याशी दोन खुंटांवर ठेवलेला आडवा ओंडका. त्या ओंडक्यावर टोमॅटोचे, घेवड्याचे, पीचचे रिकामे डबे मांडायचे आणि अलीकडे, मागच्या पायरीशी उभं राहून, ते बावीसनं पाडायचे. लग्न झाल्यापासून त्या घरचा हा नेम होता, दोन्ही अर्थांनी.

बावीस म्हणजे पॉइंट बावीस बोअरची छोटी रायफल. केंटकीच्या त्या डोंगरांत ती नाही असं घर सापडायचं नाही. हरणांसाठीची मोठी रायफल वर्षातून एकदा कपाटातून निघे, खांद्याला लाथ मारी, कानांना दडे बसवी आणि परत कपाटात जाई. बावीसचं तसं नव्हतं. तिचं काडतूस करंगळीच्या पेराएवढं. आवाज वाळकी फांदी मोडावी तसा, आणि खांद्याला धक्का म्हणाल तर मांजरानं अंग घासून जावं इतकाच. मूठभर काडतुसं खिशात टाकली की अख्खी दुपार निघे. रिकाम्या पुंगळ्या पायरीवर टिणटिणत, बंदुकीच्या दारूचा गोडसर जळका वास शर्टाला धरून राही, आणि माणसाच्या डोक्यात ओंडका, डबा आणि स्वतःचा श्वास एवढंच उरे. हॉबर्टला ती वडिलांकडून मिळाली होती. गाल टेकतो तिथं अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता घासून घासून काळाभोर झाला होता. याच रायफलनं त्यानं रीथाला नेम धरायला शिकवलं आणि वर्षाच्या आत ती त्याच्याहून सरस झाली. मग लग्न करण्यावाचून इलाज नव्हता, नाहीतर ही गावभर सांगत सुटली असती, असं तो लोकांना सांगायचा.

अलीकडे तो लोकांना फारसं काही सांगत नसे. त्याचं विसरणं सुरू झालं होतं. आधी शब्द गेले, मग रस्ते, मग माणसं. उन्हाळा सरताना एका सकाळी रीथानं त्याच्यापुढे न्याहारी ठेवली, तेव्हा तो अर्धवट उठून अदबीनं म्हणाला, "आभारी आहे, बाई. तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

रीथानं उभा जन्म शाळेची बस चालवली होती. बर्फात, धुक्यात, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला पोरांचा दंगा अशा रस्त्यांवर. ती घाबरणाऱ्यांतली नव्हती. "त्रास कसला त्यात," असं म्हणून तिनं त्याच्या कपात कॉफी ओतली आणि गोठ्यात जाऊन बराच वेळ उगाच खराटा फिरवत बसली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की घरात बंदूक ठेवू नका. हॉबर्ट आणि रीथाची एकुलती मुलगी कार्लेटा लेक्सिंग्टनला नर्स होती. तीही रोज सकाळी फोन करून तेच बजावी. मोठी रायफल तिनं केव्हाच नेली होती. बावीसचा विषय निघाला की रीथा आज बघते, उद्या बघते करी. तिला कळत नव्हतं असं नाही. पण बावीस हातात आली की हॉबर्टची पाठ सरळ होई, हातांचा कंप थांबे. तो काडतूस घालायचा बोल्ट उघडून आत बघे, करंगळी घालून चाचपे, नळी जमिनीकडे धरून थांबे. दिवसातला तेवढाच वेळ तो पुरता हॉबर्ट असे. रीथा काडतुसं स्वतःच्या एप्रनच्या खिशात ठेवी, डबे मांडून आली की त्याच्या शेजारी उभी राही आणि एकेक काडतूस त्याच्या तळहातावर ठेवी. त्याला वाटे, ही शेजारची कुणी हौशी बाई आहे. "तुमचा नेम चांगला आहे," तो तिला म्हणे. "माझ्या बायकोसारखा."

ऑक्टोबरातली एक दुपार होती. हिकरीच्या झाडांची पानं पिवळी होऊन एकेक गळत होती, ऊन मधासारखं दाट आणि संथ. हॉबर्टचा जुना शिकारीचा सोबती लॉन्झो सकाळी येऊन सगळे फुटके डबे भंगारात घेऊन गेला होता. रीथाच्या हे ध्यानात आलं, पण तोवर तिनं सवयीनं हॉबर्टच्या हातावर काडतूस ठेवलेलं होतं. थांब हं, असं त्याला सांगून ती रिकामा डबा शोधायला आत वळली.

मागं फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. आणि त्यापाठोपाठ, स्वच्छ, टण्ण.

ती बाहेर आली. हॉबर्ट बोल्ट उघडून उभा होता, तोंडावर समाधान. ओंडक्यावर काही नव्हतं. ओंडक्याखाली गवतातही काही नव्हतं. गोळी एखाद्या जुन्या खिळ्यावर लागली असेल, असं म्हणून ती फळीवरून पलीकडे गेली. ओंडक्यात खिळा नव्हता. दरडीची माती तिथं लोण्यासारखी मऊ. गोळी शिरली की बोट जाईल असं भोक पडे, आणि ताज्या भोकाचा रंग ओला लाल असे. रीथानं दरड वरपासून खालपर्यंत पाहिली. सगळी भोकं जुनी, वाळलेली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दामच डबे मांडले नाहीत. काडतूस दिलं आणि शेजारी उभी राहिली. हॉबर्टनं रायफल उचलली, मग परत खाली घेतली. त्याची नजर ओंडक्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सावकाश सरकत गेली, कुणी चालत असावं तशी.

"बाजूला हो गं," तो पलीकडे बघून म्हणाला, मोठ्यानं, मायेनं.

थोडा वेळ गेला. त्यानं मान डोलावली, नेम धरला आणि चाप दाबला. टण्ण. डबा घरंगळत जाऊन ओहोळातल्या दगडावर आपटल्याचाही आवाज आला.

"कोण आहे तिथं?" रीथानं विचारलं.

"माझी बायको," तो म्हणाला. "डबे तीच लावते. माझ्यावर विश्वास नाही तिचा, वाकडे लावतो म्हणते."

रीथा हसली, कारण हे खरं होतं. मग तिनं पुन्हा पलीकडे पाहिलं.

तिनं स्वतः एकदा मारून पाहिलं. रिकाम्या ओंडक्यावर नेम धरून. गोळी मातीत धप्पकन शिरली, ताजं लाल भोक पडलं. हॉबर्टनं तिला नावं ठेवली नाहीत. पाहुण्याला सांगावं तसं समजावून सांगितलं. "तुम्ही ओंडक्याकडे बघता, बाई. डब्याकडे बघा."

त्यानंतर ते रोजचंच झालं. रीथा दुपारची वाट बघू लागली, हे तिनं कार्लेटाला सांगितलं नाही. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तिची नजर ओहोळापलीकडे जाई. तिथं कुणी नसे. नुसतं ऊन, गळणारी पानं, आणि कधीकधी ओंडक्यापाशी धूळ अशी तरंगत असे, जणू आत्ताच कुणी तिथून चालत गेलंय. आपल्याला मत्सर वाटतोय, हे तिला एका दुपारी एकदम कळलं. नवरा जिला गं म्हणतो ती तिकडे, आणि जिला बाई म्हणतो ती इकडे.

शुक्रवारी पहाटेपासून पावसाची बुरबुर होती. ती थांबल्यावर रीथा पलीकडे गेली. ओंडका भिजून काळा पडला होता, आणि त्या काळ्यावर, ओळीनं, सारख्या अंतरावर, कोरडी वर्तुळं होती. डबे पावसात उभे असावेत आणि आत्ताच कुणी उचलून नेले असावेत अशी. तिनं एका वर्तुळावर बोट ठेवलं. लाकूड उबदार होतं. सगळी वर्तुळं सरळ रेषेत होती. ती स्वतः लावत असे तशी.

शनिवारी लॉन्झो आला. कार्लेटानं त्याला परस्पर फोन केला होता, बावीस घेऊन जा म्हणून. लॉन्झो म्हणजे बोलघेवडा, तोंडाला कुलूप नसलेला माणूस. आल्या आल्या त्यानं हॉबर्टची टोपी सरळ केली, रीथाच्या मक्याच्या पावाला वीट म्हणाला आणि त्याच विटेचे तीन तुकडे खाल्ले.

"एकदाच मारू दे त्याला," रीथा म्हणाली. "मग ने."

"मारू दे की. डबे कुठायत? का नुसत्याच हवेला मारायच्या?"

रीथानं हॉबर्टच्या तळहातावर काडतूस ठेवलं. हॉबर्टनं रायफल घेतली, नजरेनं कुणाची तरी वाट पाहिली, आणि मारली. टण्ण.

लॉन्झोच्या हातातला पावाचा तुकडा तसाच राहिला. तो ओंडक्याकडे बघत राहिला, मग हॉबर्टकडे, मग रीथाकडे.

"हे कधीपासून?" त्यानं हळूच विचारलं.

"झाले काही दिवस."

"रीथा, मी ही बंदूक नेतो. आत्ताच नेतो."

"मला एकदा मारू दे."

"नको," लॉन्झो म्हणाला. त्याला इतकं गंभीर तिनं कधी पाहिलं नव्हतं. "मला काही कळत नाही यातलं. पण तू नको."

तिनं काडतूस घातलं. दस्त्याला गाल लावला. लाकूड हॉबर्टच्या गालानं अजून कोमट होतं. नळीच्या टोकावरची नेमाची माशी ओंडक्यावर आणली. ओंडका दिसला, दरड दिसली, आणखी काही नाही.

"डब्याकडे बघा," हॉबर्ट मागून म्हणाला.

तिनं श्वास सोडला आणि पुन्हा घेतला नाही. ऊन माशीच्या टोकावर येऊन थांबलं. ओहोळाचा आवाज लांब गेला, जणू कुणी दार ओढून घेतलं. एक पान पडता पडता मध्येच राहिलं.

डबे होते.

लाल लेबलांचे, ओळीनं, उन्हात चमकणारे. ते तिथं नेहमीच होते आणि आपण आजवर त्यांच्या आरपार बघत होतो, असं तिला वाटलं. डब्यांपाशी कुणी बाई नव्हती. ती असेल म्हणून रीथा थांबली. तिला निदान एकदा बघावं म्हणून थांबली.

कुणीच नव्हतं.

तिनं चाप दाबला.

टण्ण.

पान खाली पडलं. ओहोळ पुन्हा वाहू लागला.

"वा," हॉबर्ट म्हणाला. त्यानं पुढे होऊन तिच्या हातातली रायफल घेतली, बोल्ट उघडला, मग तिच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, पूर्वी पाहायचा तसं. "रीथा," तो म्हणाला, "किती वेळ लावलास गं पलीकडून यायला."

ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून कितीतरी वेळ रडली. लॉन्झोनं बावीस घोंगडीत गुंडाळली आणि निरोप न घेता गेला. ओहोळाच्या बाजूनं जाणारी जवळची वाट सोडून तो लांबच्या रस्त्यानं गेला, हे त्या दोघांनी पाहिलं नाही. संध्याकाळी हॉबर्टनं तिला कॉफी करून दिली. लग्नाच्या वेळच्या गोष्टी निघाल्या, त्याच्या वडिलांचं खोकणं, तिच्या बहिणीचा आगाऊपणा. त्याला सगळं आठवत होतं. बावीस गेली याचं दोघांनाही काही वाटलं नाही.

रविवारी दुपारी एक बाई आली. करड्या गाडीतून उतरली, आखूड कापलेले केस, पायांत नर्सेस घालतात तसे पांढरे बूट. हातात थाळीत भाजलेला सफरचंदाचा गोड पाय. आल्या आल्या तिनं रीथाला घट्ट मिठी मारली. रीथाला जरा अवघडल्यासारखं झालं, पण इकडची माणसं मायाळू. तिनं तिच्या पाठीवर थोपटलं.

"लॉन्झो नीट बोलतच नाही फोनवर," बाई म्हणाली. "बंदूक नेली म्हणाला आणि ठेवूनच दिला. काय झालं, ममा?"

"बसा ना," रीथा म्हणाली. "एवढ्या लांबून आलात. तुमची आई काळजी करत असेल."

बाई हसायला गेली आणि थांबली. पायची थाळी तिनं फार हळू टेबलावर ठेवली.

हॉबर्ट रीथाच्या कानाशी वाकला. "कोण गं ही?"

"चर्चमधली असेल कुणी," रीथा कुजबुजली आणि बशा काढायला उठली.

बशा मांडताना तिनं पाहुणीकडे एकदा निरखून पाहिलं. बाईची हनुवटी थेट हॉबर्टसारखी होती, मधोमध खळी असलेली. रीथाला गंमत वाटली. हिची आई कोण असेल, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं सगळ्यात मोठा तुकडा पाहुणीच्या बशीत वाढला.